चार सेकंदांची दुरुस्ती

भूकंप नोंदणी केंद्रात सगळे त्यांना सेकंदबाई म्हणत. घरीही तीच गत. "आलो, आलो, घड्याळ बघू नकोस," असं नवरा दारातूनच ओरडायचा. रोज सकाळी रेडिओवरच्या वेळेच्या ठोक्यांशी केंद्राचं घड्याळ जुळवायचं आणि वहीत बरोबरची खूण करायची, यात एकतीस वर्षांत बाईंनी कसूर केली नव्हती. जमीन हलली, की धक्क्याची नेमकी वेळ शेजारच्या देशालाही कळवायची. तिकडच्या केंद्रातला तंत्रज्ञ आपली वेळ इकडे पाठवायचा. वेळा ताडून पाहिल्या, की धक्क्याची जागा सापडते. दोन्ही सरकारांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. पण ही देवघेव एकोणीस वर्षं बिनबोभाट चालली होती.

एका सोमवारी धक्का बसला आणि गणितात त्याची जागा आली ती नेमकी इकडच्या लष्कराच्या सरावाच्या मैदानावर. "चोरून बॉम्ब उडवला," म्हणून शेजाऱ्यांचा रेडिओ बोंबलू लागला. दोन्हीकडच्या फौजा सीमेकडे निघाल्या.

बाईंनी वही उघडून त्या सकाळची खूण पाहिली. सोमवारी नातीला ताप होता, यायला उशीर झाला होता, आणि ठोके न ऐकताच त्यांनी खूण केली होती. त्यांनी घड्याळ तपासलं, तर ते चार सेकंद मागे होतं. चार सेकंदांनी जागा पंचवीस-तीस किलोमीटर सरकते. खरा धक्का पलीकडच्या डोंगरात बसला होता.

सगळं ऐकून केंद्राचे साहेब म्हणाले, "बाई, निवृत्तीला दोन महिने राहिलेत. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय? घड्याळ बिघडलं होतं म्हणून कळवू."

"ते बनाव म्हणतील, साहेब. यंत्रावर काय, कुणीही ढकलतं. माझ्या नावानं कळवा."

"चौकशी लागेल. सत्कार तर विसराच."

"लागू दे."

एवढं बोलून त्या टेबलाशी जाऊन बसल्या. एकतीस वर्षांचं नाव एका ओळीत घालवायचं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. ती ओळ त्यांनी स्वतःच टाइप केली: 'घड्याळ न जुळवताच जुळवल्याची खूण केली. चूक माझी.'

तिकडच्या तंत्रज्ञाने दुरुस्त वेळ घालून गणित पुन्हा मांडलं. जागा डोंगरातच आली. रेडिओ हळूहळू विषय बदलू लागला. बाईंच्या टेबलावर चौकशीचं पत्र येऊन पडलं.

त्याच दुपारी तिकडचा संदेश आला. आकड्यांखाली एक ओळ होती: 'मुलाची तुकडी माघारी आली.'

एकोणीस वर्षांत त्याने आकड्यांशिवाय काही लिहिलं नव्हतं. त्याला मुलगा आहे, हे बाईंना त्या दिवशी कळलं.