तळाचं वजन

मला अंबाझरी तलावावर शिडाची होडी चालवायची हौस होती, आणि ती बांधायला मिळाला तो बैलबंड्या करणारा म्हातारा सुतार. त्याला पोहताही येत नव्हतं. मासिकातला होडीचा नकाशा उलटासुलटा करत तो पुटपुटे, "बंडी उलार होऊन मांगं नाई कलली पाह्यजे." मग बंडीचा दांडा उचलावा तसं होडीचं टोक उचलून तोल बघे.

नकाशात तळाला जड लोखंड होतं. मला वेग हवा होता. "अर्धंच टाका," मी बजावलं. त्याने मान डोलावली.

होडी रेंगाळत चाले. महिनाभर मी त्याला वाट्टेल तसं बोललो. तो रंधा मारत ऐकून घेई.

वैशाखातल्या एका दुपारी वावटळ आली. होडी इतकी कलली की शीड पाण्याला टेकलं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा होडी आपली आपण सरळ झाली होती.

तसाच ओल्या कपड्यांनी त्याच्याकडे गेलो. "अर्ध्या वजनावरही सावरली हो!"

"अर्धं कायचं भाऊ? पुरं टाकलं."

"मग इतके दिवस माझं बोलणं का ऐकून घेतलंत?"

त्याने रंधा थांबवला. "बोलायले मानूस वापस तं आला पाह्यजे ना."