आई आमेन म्हणेना

इंग्रज जाऊन फार वर्षं झाली नव्हती. अंधेरीत कारखाने उठायला लागले होते, पण आमच्या गावठाणात अजून भातशेती होती आणि संध्याकाळी घराघरातून रोझरी ऐकू यायची. एकाने अर्धी प्रार्थना म्हणायची, उरलेली बाकीच्यांनी. माझं सगळं लक्ष शेवटच्या आमेनकडे, कारण त्यानंतर जेवण. मी तो शब्द असा ओरडायची की आई म्हणायची, "देव बहिरा नाही गं!" एकदा बाबांना अर्थ विचारला. ते म्हणाले, "तसंच होवो. आमेन म्हटलंस की तुला ते कबूल." मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच?

मी लग्नाची झाले त्या वर्षी बाबांच्या घशात गाठ झाली. डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले. शेतात राबलेला धिप्पाड माणूस, पण पेजेचा चमचा गिळताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. आवाज तर गेलाच होता.

एका दुपारी बाबांची थोरली बहीण, आमची आत्या, शेजारणींना घेऊन आली आणि मरणाऱ्यासाठी म्हणायची प्रार्थना तिने सुरू केली. "देवा, तुझ्या लेकराला आता पदरात घे."

सगळ्या म्हणाल्या, आमेन. आई गप्प. आत्या थांबली. आमच्या बायकांची समजूतच होती, घरची बाई आमेन म्हणत नाही तोवर जीव अडकून राहतो.

"म्हण गं बाई. किती हाल बघशील त्याचे?"

"नाही म्हणणार."

"अगं, सोडव त्याला!"

"तुम्हाला काय जातंय? तुम्ही म्हणून घरी जाल. मी म्हटलं तर मीच यांना धाडलं, असं होईल."

मला आत्याचा संताप आला, आणि खरं सांगते, आईचाही आला. बाबांची तडफड बघवत नव्हती.

आत्याने पुन्हा तीच ओळ म्हटली. या वेळी कोणीच उत्तर दिलं नाही, सगळ्या आईकडे बघत राहिल्या. तेवढ्यात खाटेवरून घोगरं, तुटकं ऐकू आलं, "आमेन." बाबांनीच म्हटलं.

आई चवताळून उठली. जन्मभर अहो-जाहो करणारी बाई एकदम एकेरीवर आली. "तुला कोणी विचारलं होतं? मी नाही म्हटलं ना! मग तू कोण रे परस्पर कबूल करणारा?" आत्या तिला मागे ओढत होती, पण ती खाट सोडेना. बाबा गेले तेव्हाही ती त्यांच्याशी भांडतच होती.