वहिनींची राखुंडी आणि बोर्डावरचे पाहुणे

उदगीरहून लोक गाणगापूरला जातात, बिदरचा किल्ला बघायला जातात. मी कोळसा बघायला निघाले, तेव्हा बॅगेची चेन लावून देता देता नवऱ्याने विचारलं, "घरातला संपला का?"

त्याचं असं झालं. माझी कॉलेजची मैत्रीण सुजाता औरादला शाळेत शिकवते. तिचं माहेर मुडबीच्या बाजूला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथली भाजी आधीच बाजारात कोणी घेईनासं झालंय. गावाच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची एक शेड होती. मालक गाशा गुंडाळून गेला आणि शिसं ओढ्यात, विहिरीत ठेवून गेला. मग एका प्रकल्पाची माणसं आली. त्यांनी विहिरीवर बायोचारची, म्हणजे तुराट्यांच्या कोळशाची, गाळणी बसवली. हे फोनवर ऐकून मी हरखलेच होते.

उदगीर ते औराद बस मिळते. कर्नाटकातल्या बायकांना तिकडच्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे, हे ऐकून हुरळू नका. कंडक्टरने माझं आधार कार्ड उलटसुलट करून परत दिलं. "महाराष्ट्राचं हाय. तिकीट काढा, अक्का." औरादला सुजाता चढली, पुढे बिदर आणि हुमनाबादला गाडी बदलली. हुमनाबादला कडक भाकरी आणि शेंगाहिंडी, म्हणजे दाण्यांची कोरडी चटणी, जरूर खा. वर दही मागून घ्या, नाहीतर ठसका लागतो. त्यापुढचा रस्ता बरा आहे, फक्त गावाचा फाटा ते गाव हा तुकडा पाठीला जन्मभर आठवेल. लॉज हवा असेल तर मुक्काम बसवकल्याणला करा.

तुरीची रास झाली होती. बांधाबांधावर तुराट्यांचे ढीग. सुजाताचा भाऊ मिलिंद आम्हाला थेट विहिरीवर घेऊन गेला. सिमेंटची टाकी, आत वाळू, खडी आणि कोळसा.

"हा साधा कोळसा न्हाई," तो म्हणाला. "लोखंडाच्या क्षारात भिजवून पुन्यांदा भाजलेला हाय. शिसं धरून ठेवतंय. गाळलेल्या पाण्याची तपासणी बी चांगली आलीय."

मला खरंच आनंद झाला. एरवी बांधावर जळून जाणाऱ्या काड्या विहीर वाचवतायत, याहून चांगलं काय असणार? टाकीशेजारी दारापेक्षा उंच बोर्ड होता. कन्नड आणि इंग्रजीत उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची नावं, हुद्द्यांसकट. मी फोटो काढला.

सकाळी अंगणात मिलिंदची बायको कविता दात घासत होती. वहिनींना सातवा महिना. बोट काळं, ओठ काळे. मला बघून त्यांनी डबी पुढे केली.

"घ्या ताई, राखुंडी. घरचीच हाय."

राखुंडी आमच्याकडेही सगळे लावायचे. मी चिमूट घेतलीही होती. मग सहज विचारलं, कोळसा कशाचा?

"टाकीतला की. नवीन पोती आली की जुना काढून टाका म्हनले. इतका बारीक, काळाभोर कोळसा कामून टाकायचा? वाळवला, कुटला, मीठ घातलं. दिवाळीपासून समदी गल्ली ह्यानंच घासायलीय."

सुजाताने डबी त्यांच्या हातातून ओढूनच घेतली.

शिसं जळत नाही, विरघळून नाहीसं होत नाही. पाण्यातून निघालं म्हणजे ते कोळशात जाऊन बसलं. वर्षभर विहिरीतून वेचलेलं विष ही बाई दिवाळीपासून रोज हिरड्यांना चोळत होती, पोटात लेकरू असताना. आणि तिची चूक काय? आपल्याकडे चुलीतला कोळसा कोणी फेकतं का? दाताला नाहीतर उकिरड्यावर, तिथून शेतात. हे या भागातलं शेंबडं पोर सांगेल. प्रकल्पवाल्यांना कोळसा लोखंडात भिजवायचं सुचलं, पण "हा विषारी आहे, आम्ही परत नेऊ" हे एक वाक्य बोलायचं सुचलं नाही. मला संताप आला आणि लिहितानाही येतोय.

सुजाताने फोन लावला. चौथ्यांदा कोणीतरी उचलला. "मॅडम, आमचा प्रकल्प पूर्ण झाला. देखभाल गावाकडे आहे."

"मग ह्यो कोळसा कुठं टाकू?" तिने विचारलं. फोन बंद झाला. त्यानंतर त्यांनी उचललाच नाही.

दुपारपर्यंत घरोघरच्या डब्या आणि उरलेला कोळसा गोळा करून पोती शिवली आणि टाकीमागच्या खोलीला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी वहिनींना घेऊन कलबुर्गीला. डॉक्टरांनी रक्त घेतलं, राखुंडी बंद म्हणाले, पुन्हा तपासायला बोलावलं. परतताना वहिनी खिडकीतून बाहेर बघत एवढंच म्हणाल्या, "आता बंद केलं. पर आतापर्यंत लावलं त्येचं काय, ताई?" गाणगापूर तिथून जवळ होतं, पण देवासमोरही मी भांडलेच असते, म्हणून सरळ घरी आले.

तुम्ही त्या बाजूला जाल तर जरूर जा. माणसं जिवाला जीव देणारी आहेत. गाळणीही बघा, ती खरंच काम करते. फक्त विचारा, जुना कोळसा कुठे जातो?

घरी आल्यावर आठवड्याने सुजाताने फोटो पाठवला. पाहुण्यांच्या नावांवर तिने पांढरा रंग फासला होता आणि त्यावर मराठीत, कन्नडमध्ये लिहिलं होतं, "टाकीतला जुना कोळसा विषारी आहे. दाताला, चुलीला, शेताला वापरू नका."

त्याच संध्याकाळी मिलिंदला प्रकल्पाच्या माणसाचा फोन आला, आपणहून. बोर्ड कोणी खराब केला, म्हणून. मिलिंद अडखळला, तसा वहिनींनी फोन घेतला.

"या की, बोर्ड पुसून घ्या," त्या म्हणाल्या. "येताना टेम्पो घेऊन या. तुमची पोती बांधून ठिवलीत."

अजून कोणी आलेलं नाही.