तापलेला अल्टरनेटर
जळक्या वायरीचा वास आला की मला डिंभ्याच्या धरणातली आमची जुनी लाँच आठवते. रोज सकाळी तिची बॅटरी मेलेली, आणि माझा संशय भागीदार मेहुण्यावर: हा गुपचूप अख्ख्या तालुक्याचे मोबाइल तिच्यावर चार्ज करतो! मी बॅटरीच्या पेटीला किल्ल्याच्या दरवाजाला शोभेल असं कुलूप ठोकलं. तरी सकाळी बॅटरी ठार. "दुसरी किल्ली केलीस ना?" मी गरजलो. "दाजी, तुमची भागीदारी नको आन् लाँचबी नको," म्हणत उतरताना त्याने इंजिनाला हात टेकला आणि बोंबलला, "आयो, भाजलं!" रात्रभर बंद इंजिन, आणि त्यावरचा बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तव्यासारखा तापलेला, वर जळक्या वायरीचा वास! तोच आतून बिघडून बॅटरी पीत होता. घोडेगावातून नवा आणून बसवला. मेहुणा राहिला, पण अजूनही लाँचमधून उतरताना चारचौघांत खिसे उलटे करून मला दाखवतो.