नव्वद फूट

कडूबा खरात रेल्वेच्या बोगद्यातल्या विटा वाजवायचा. मूळचा जालन्याचा गवंडी, राहायला लंडनच्या वेम्बलीत. मी त्याचा जोडीदार. भरीव वीट हातोडीखाली खणखणते. मागे पोकळी असली की बद्द आवाज येतो. तिथे खडूची फुली. "दमलास तर थांब. वीट सोडू नकोस," हे त्याचंच शिकवणं.

आमच्या वाट्याचा सगळ्यात वाईट बोगदा १८५५चा. तेव्हा क्रिमियात लढाई चालू होती. तोफा वर न्यायला तिथे रेल्वे घालायची म्हणून इथले तगडे मजूर बोटीनं नेले. मागे उरले त्यांनी मधले नव्वद फूट घाईत उरकले. सांधे जाड, चुना कमी. तिथे कडूबाचा वेग नेहमी निम्मा व्हायचा.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी गाड्या बंद ठेवून आम्ही आत गेलो. दुपारी चारला गाड्या सुरू व्हायच्या होत्या. कडूबा त्या नव्वद फुटांतून भराभर गेला. एकही फुली नाही.

"एवढा सुधारला कधी हा बोगदा?" मी विचारलं.

"तू लिही. हेडमास्तर होऊ नकोस."

मी लिहिलं. ती माझी चूक.

दुपारी त्याच्या घरी जेवायला गेलो. दार त्याच्या बायकोनं, चंदाबाईनं उघडलं. "बेल वाजवून दमलात ना, भाऊजी? हे दाराशीच बसलेत. तीन वर्षं झाली, मी ओरडते आणि शेजाऱ्यांना वाटतं भांडण चाललंय."

मी कडूबाकडे बघितलं. त्यानं ताट सरकवलं.

"उजवा कान गेलाय. डावा अर्धा. तळहात विटेवर टेकवला की थरथर कळते, त्यावर निभावत होतो. आज थंडीनं हात बधिर झाला. मला काही कळलं नाही."

"मग सांग."

"सांगितलं की काम गेलं."

"आपली पूर्वी उद्या सकाळी त्याच बोगद्यातून जाणार आहे," चंदाबाई म्हणाली. पूर्वी त्यांची मुलगी.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. कडूबानं सुपरवायझरला, हरीशला, फोन लावला. फोनचा आवाज पूर्ण मोठा ठेवला. ते नव्वद फूट आजच पुन्हा तपासायचे म्हणाला.

"काका, स्कॅन क्लिअर आला होती," हरीश म्हणाला. त्याचा जन्म इथलाच, स्टॅनमोरचा; मराठी मोडकं. "नेक्स्ट क्लोजर चार वीक्सनी आहे. तेव्हा बघू ना."

"हरीश, मी बहिरा आहे. मी तपासलेलं धरू नकोस. लिहून घे. वेळही लिही."

हरीशनं लिहून घेतलं. मग लाइन बंद ठेवल्याचा निरोप आला.

त्याच संध्याकाळी ते नव्वद फूट मी दुसऱ्या माणसाबरोबर पुन्हा वाजवले. सतरा फुल्या. एके ठिकाणी हातोडी लागताच वीट आत गेली आणि मागून पाणी आलं.

कडूबाला आत सोडलं नव्हतं. तो बोगद्याच्या तोंडाशी उभा होता. मी बोटांनी आकडा दाखवला. त्यानं मान हलवली, व्हॅनच्या पायरीवर बसला आणि मागच्या तीन हिवाळ्यांत वाजवलेले बोगदे लिहायला लागला.

अकरा बोगदे झाले. प्रत्येकातून गाड्या चालू होत्या.