बोरगावचा पंजाबी पहेलवान

छत्तीस वर्षं नागपूर रेडिओवर बोलून जयवंताबाई कामडी १९८५ साली निवृत्त झाल्या आणि नागपूरजवळच्या सौंसरला आपल्या वडिलांच्या घरी राहायला आल्या. मग संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर माणसं जमू लागली. अमकी नटी जवळून कशी दिसते, मंत्री माइकसमोर अडखळतात का, गवई चहात साखर किती घेतात, असले प्रश्न असत. बाई आरामात पाय पसरून सांगत. "माइकसमोर सगळेच घाबरते. मोठा माणूस जरा जास्त घाबरते, कारण त्याले ऐकणारे जास्त राहते." बाईंना स्वतःला मात्र कधी भीती वाटली नाही, असं त्या म्हणत आणि ऐकणाऱ्यांना ते खरं वाटे.

त्यांचे वडील रघुनाथराव सौंसरच्या शाळेत मास्तर. देश स्वतंत्र झाला त्या साली जयवंता मॅट्रिक झाली. पुढल्या वर्षी नागपुरात रेडिओ केंद्र सुरू झालं आणि त्यानंतर वर्षभरात गावकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी बाईमाणसाचा आवाज हवा अशी जाहिरात आली. चाचणीच्या दिवशी जयवंताने पुस्तकी मराठीतला उतारा न चुकता वाचून दाखवला. ऐकणारे अधिकारी म्हणाले, "वाचलं छान. आता घरी आईशी बोलता तसं बोला."

"घरी मी आईशी भांडून राहते," ती म्हणाली.

"मग भांडा."

तिने खोट्याच आईशी पाच मिनिटं कपाशी वेचायला मजूर कोणी बोलवायचे यावरून असं भांडण मांडलं की काचेपलीकडची माणसं हसून बेजार झाली. नोकरी मिळाली. सौंसरात कुजबुज झाली की मास्तरांची पोर आता चारचौघांत आवाज काढणार. रघुनाथराव एवढंच म्हणाले, "मी रोज चाळीस पोरांपुढे काढतो. ती चाळीस हजारांपुढे काढेल." आणि ट्रंक उचलून तिला बसपर्यंत पोचवायला गेले.

१९५२ च्या हिवाळ्यात नागपुरात कुस्त्यांची मोठी दंगल ठरली. तिचा ठेकेदार अमृतसरचा म्हणून गाजलेला दिलेरसिंग पहेलवान घेऊन आला होता. भिंतीभिंतीवर त्याची चित्रं, डोक्यावर फेटा, मिशीला पीळ. गावकऱ्यांच्या कार्यक्रमात त्याची दहा मिनिटांची मुलाखत ठरली. प्रश्न आणि उत्तरं ठेकेदाराने हिंदीत लिहूनच आणली होती. तेव्हा बोललेलं थेट हवेत जायचं, पुसायची सोय नव्हती.

लाल दिवा लागला. जयवंताने पहिला प्रश्न वाचला. पहेलवान कागदाकडे पाहू लागला. त्याचे डोळे एकाच ओळीवर अडकले होते. याला वाचता येत नाही, हे तिच्या लगेच ध्यानात आलं. काचेपलीकडे ठेकेदार हातवारे करत होता. तिने आपला कागद उलटा ठेवला आणि घरच्यासारखं विचारलं, "पहेलवानजी, सकायी उठल्यावर काय खाता?"

"सकायी?" पहेलवानाचा जीव भांड्यात पडला. "आता त दूध-बदाम खाऊन राहिलो. लहानपणी माय ज्वारीची आंबील दे. गरम गरम. तोंड पोये, पण सोडो नाई."

जयवंता चमकली. अमृतसरला ज्वारीची आंबील कोणती माय देते? बोली तर सरळ तिच्या तालुक्यातली होती. आता एकच प्रश्न उरला होता, तुम्ही कोणत्या गावचे? तो विचारला असता तर दुसऱ्या दिवशी गावोगाव तीच चर्चा झाली असती. पण पहेलवानाच्या कपाळावरचा घाम तिला दिसला. तिने विचारलं, "दंड-बैठका कोणत्या वयापासून?" मग तो असा मोकळा झाला की दहा मिनिटं पुरली नाहीत.

बाहेर आल्यावर त्याने हळूच विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या?"

"सौंसरची."

तो बाकावर बसला. "मी तुमच्याच तालुक्यातला, बोरगावचा. पुंडलिक. बाप म्हणे शेती कर, मी कुस्तीपायी पयालो. नऊ वर्षं झाले. बाप गेला तं मातीलेही गेलो नाई. ठेकेदार म्हणते, बोरगावच्या माणसाले पाहाले तिकीट कोण काढते? मायले सांगू नोका."

"मी नाही सांगणार," जयवंता म्हणाली. "पण रेडिओवर बोलले तुम्ही, आवाज ओळखणारे ओळखतील."

तिसऱ्या दिवशी केंद्राच्या फाटकाशी एक म्हातारी येऊन बसली. अंगावर नवं लुगडं, पायांवर धूळ. शकुबाई, बोरगावची. पाटलाच्या ओट्यावर रेडिओ लागला होता, तिथे तिने ऐकलं होतं. "तो पंजाबी नोहे," ती म्हणाली. "आंबील पिऊन तोंड पोयणारा माहा पुंडलिक हाये. बाई, खरं सांग."

जयवंताने शब्द दिला होता. खोटं बोलायचीही तिची तयारी नव्हती. ती म्हणाली, "मावशी, मी काही सांगू शकत नाही. पण उद्या दंगल आहे. रेडिओचा पास आहे माझ्याजवळ. माझ्यासोबत चाला, तुमच्या डोयानं पाहा."

दंगलीत हजारो पुरुष आणि पुढच्या रांगेत या दोघी. लोक वळून वळून पाहत होते. भोंग्यावरून घोषणा झाली, अमृतसरचा शेर, दिलेरसिंग. पहेलवान मातीत उतरला, चारी बाजूंना हात जोडत फिरला आणि शकुबाईसमोर येऊन थांबला.  शकुबाईने पदर डोक्यावर सारखा केला. पहेलवान दोरी ओलांडून बाहेर आला आणि तिच्या पायावर डोकं ठेवून पडून राहिला. तेल लावलेली पाठ हलत होती. शकुबाई त्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "ऊठ. लोक पाहून राहिले. आधी कुस्ती कर, मंग रड."

भोंगेवाल्याने धावत येऊन विचारलं, ही कोण. पहेलवानानेच त्याच्या हातातून भोंगा घेतला आणि आपलं नाव, गाव, मायचं नाव सांगून टाकलं. कुस्ती बरोबरीत सुटली. ठेकेदाराने त्याच दिवशी संबंध तोडले. जयवंताला वाटलं, याची रोजीरोटी आपण बुडवली. पण पुढल्या पोळ्याला पांढुर्ण्याच्या दंगलीत पुंडलिक पहेलवान बोरगाववाला असं नाव लागलं, तेव्हा पार मोहगावपासून बैलगाड्या जुंपून लोक आले.

१९५६ च्या नोव्हेंबरात राज्यं नव्याने मांडली गेली. तोवर एकाच राज्यात असलेल्या गावांपैकी नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. रघुनाथरावांच्या शाळेत आता पोरं मराठीत शिकतील की हिंदीत, याची चिंता सुरू झाली. जयवंताला वरिष्ठांनी विचारलं, "तुमचं घर तिकडे गेलं. बदली मागता का?" तिने विचार करायला वेळ मागितला नाही. "माझे ऐकणारे दोन्हीकडे आहेत साहेब. इथून बोललं तर दोघांनाही ऐकू येतं."

त्या महिन्यात पुंडलिक पुन्हा कार्यक्रमात आला. तिने विचारलं, "पहेलवानजी, आता तुम्हाले कोणत्या राज्याचे म्हणायचं?"

"ते कागद करणाऱ्यायले इचारा," तो म्हणाला. "मी कुस्तीले नागपूरले येतो, जेवाले बोरगावले जातो. दोन्हीकडची माती अंगाले सारखीच लागते."

या उत्तरावर ओंजळभर पत्रं आली. पुढे पुंडलिकने बोरगावात तालीम काढली आणि शकुबाई शेवटपर्यंत त्याच्याजवळच राहिली.

त्याच वर्षी, १९५६ च्या नाताळच्या सुटीत जयवंता घरी निघाली. सावनेर सोडल्यावर राज्याच्या नव्या हद्दीवरच्या नाक्यावर बस थांबली. नवा शिपाई चढला आणि प्रत्येकाच्या पिशवीत डोकावत तिच्यापर्यंत आला. "कहाँ से? क्या है इसमें?"

"नागपूरहून येऊन राहिली. पुस्तकं आहेत आन् बाबांसाठी मफलर," ती म्हणाली.

तो आवाज ऐकताच मागच्या बाकावरून कोणी म्हणालं, "अरे, ह्या तं रेडिओवाल्या बाई हायेत." बस नाक्यावरून हलली आणि लोक सरकून सरकून जवळ आले. सौंसर येईस्तोवर जयवंता पहेलवान दिवसाला किती बदाम खातो ते सांगत होती.