दोघी बहिणींचा एक पट

दौंड आणि शिरूर तालुक्यांतील प्राथमिक शाळांची तपासणी माझ्याकडे होती, त्या काळातील ही हकीकत आहे. यवतला एस.टी.तून उतरलो आणि सायकलीने राहूच्या पलीकडील एका वस्तीवर गेलो. शाळा एकशिक्षकी, देवळात भरणारी. सवयीप्रमाणे मी आधी वह्या मागितल्या. मुलांना प्रश्न विचारण्यापूर्वी त्यांच्या वह्या पाहाव्यात, असे माझे मत आजही आहे.

चौथीतील एका मुलीच्या वहीपाशी मी थांबलो. एका दिवसाचे अक्षर गोल व सुटे, दुसऱ्या दिवसाचे उजवीकडे कललेले. शेवटच्या पानापर्यंत असेच आलटून पालटून.

"कालचे हे कोणी लिहिले?"

"अक्कानं. काल ती आल्ती."

"आज धाकटी, उद्या थोरली!" मागून कोणीतरी ओरडले आणि वर्ग हसला.

गुरुजींनी मला ओट्यावर नेले. मुलींची आई खुरपणीला जाई. तान्हा भाऊ सांभाळायला एकीला घरी राहावे लागे, म्हणून बहिणी एकाआड एक दिवस येत आणि शिकलेले संध्याकाळी एकमेकींना सांगत. पटावर नाव फक्त थोरलीचे होते.

"साहेब, दोघी मिळून एक पोरगी हाय असं समजा की. यंदा थोरलीला चौथीच्या परीक्षेला बसवतो. धाकटीचं पुढच्या साली बघू."

"खोटी हजेरी मला चालणार नाही," मी म्हणालो.

शेरेपुस्तकात मी लिहिले: दोघींची नावे स्वतंत्र दाखल करावीत व हजेरी प्रत्यक्ष मांडावी. पटावर एक मुलगी वाढली, याचे मला समाधानही वाटले. हजेरी अपुरी असल्यास परीक्षेला बसवू नये, हा नियम मला पाठ होता. निम्मी हजेरी अपुरीच ठरते, एवढे साधे गणित मात्र त्या दिवशी मी केले नाही.

पुढच्या वर्षी गेलो, तेव्हा दोन्ही नावांवर लाल रेघ होती.

"एकीलाबी बसवता आलं न्हाई, साहेब," गुरुजी म्हणाले. "परीक्षाच न्हाई म्हटल्यावर बापानं थोरलीचं लगीन लावून दिलं."

धाकटी तिच्या घरासमोर भेटली. भाऊ कडेवर होता.

"शाळेत ये," मी म्हणालो. "तुझे नाव पुन्हा घालायला सांगतो."

"एक दिसाआड?"

"नाही. रोज."

"मग ह्याला कुणापाशी ठिवू?"

नियम बदलण्याचा अधिकार मला नव्हता, हे खरे आहे. पण तो बदलावा, असे वरिष्ठांना कळवणारे एक पत्रही मी नोकरीच्या अखेरपर्यंत लिहिले नाही, हेही तितकेच खरे आहे.